कैलास लेणं कुणी कोरलं? मुलांना वेरूळला नेताना दावा तपासायचा कसा

सहल वेरूळला जाणार असं वर्गात सांगितलं की कुणी ना कुणी विचारतंच. "बाई, ते माणसांचं काम नाही म्हणतात. एलियननी लेझरनं कोरलंय. ४ लाख टन दगड १८ वर्षांत काढला, म्हणजे तासाला ५ टन! माणसाला जमेल का?" पालकांच्या ग्रुपवरही तोच व्हिडिओ फिरत असतो. सोबत येणारे काही पालक तो खरा धरूनच गाडीत बसतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवते. माझे वडील पाथरवट. जाती, पाटे-वरवंटे, देवळांचे उंबरे आणि पायऱ्या घडवण्यात त्यांचा जन्म गेला. काळा दगड फोडणाऱ्या माणसाच्या घरात वाढल्यामुळे "हे माणसाला जमणारच नाही" असं कुणी म्हटलं की मला ते लागतं. ज्यांनी बाराशे वर्षांपूर्वी तो डोंगर कोरला, त्यांचं काम त्यांच्या नावावरून पुसायचाच हा प्रकार आहे. पण मुलांना "खोटं आहे, गप्प बसा" म्हणून काही साधत नाही. बाईंना उत्तर येत नाही, असं त्यांना वाटतं. म्हणून मी दावाच त्यांच्या हातात देते आणि तपासायला लावते. कसं, ते इथे लिहिते आहे. शिक्षकांना उपयोगी पडेल, आणि सुटीत घरच्या मुलांना घेऊन जाणाऱ्यांनाही.

निघण्याआधी आकडे फळ्यावर घ्या

दाव्यातले आकडे आधी वेगळे काढायचे. ४ लाख टन, १८ वर्षं, रोज १२ तास. मुलांना भागाकार करू द्या. तासाला ५ टन येतात, म्हणजे दिवसाला ६०. इथपर्यंत व्हिडिओचं गणित बरोबर आहे, आणि ते बरोबर आहे हे मोकळेपणानं मान्य करा.

मग विचारा, माणसं किती होती? व्हिडिओत हा आकडाच नसतो. तासाला ५ टन ऐकल्यावर डोळ्यांसमोर एकटा माणूस छिन्नी घेऊन उभा राहतो, म्हणून ते अशक्य वाटतं.

पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी १९८२ साली कैलासाच्या काळाबद्दल आणि शैलीबद्दल लिहिताना हाच हिशेब मांडला होता. एक माणूस दिवसाला सुमारे ४ घनफूट दगड काढू शकतो, हा अंदाज त्यांनी धरला. काळा दगड घनफुटाला साधारण ८० किलो भरतो. म्हणजे माणशी दिवसाला ३२० किलो. आता ६० टनांना ३२० किलोनं भागा. १८८ माणसं येतात. व्हिडिओतलेच आकडे घेऊन, एकही आकडा न बदलता. १९७२च्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडायच्या कामांवर याच्या कितीतरी पट माणसं होती. मुलांना घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, बऱ्याच घरांत कुणीतरी त्या कामावर गेलेलं असतं.

पुढची पायरी मला सगळ्यांत आवडते. ४ लाख टन हा आकडा तरी खरा आहे का? कैलासाचं आवार सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे, आणि मागचा कडा १०७ फूट उंच. तिन्हींचा गुणाकार करा. साधारण साडेपंचेचाळीस लाख घनफूट. ८०नं गुणून टन केले की ३ लाख ६४ हजार. म्हणजे सगळा खड्डा पेटीसारखा चौकोनी असता, चारी बाजूंनी १०७ फूट खोल असता आणि आत काहीही शिल्लक ठेवलं नसतं, तरी ४ लाख टन भरत नाहीत. प्रत्यक्षात डोंगर पुढे उतरता आहे, आणि खड्ड्याच्या मधोमध अख्खं देऊळ, दोन हत्ती आणि दोन स्तंभ उभे आहेत. काढलेला दगड त्याहून खूपच कमी. हे गणित सातवीच्या मुलांना येतं. ज्यानं व्हिडिओ केला त्यानं ते केलेलं नाही, एवढं मुलांच्या आपोआप लक्षात येतं, सांगावं लागत नाही.

ढवळीकरांनी २५० माणसांना साडेपाच वर्षं पुरतील, असा हिशेब काढला होता. मी मात्र तो मुलांना शेवटचा शब्द म्हणून सांगत नाही. डबर काढणं वेगळं आणि मूर्तीच्या बोटांची नखं काढणं वेगळं. वडील म्हणायचे, पाट्याचा दगड खाणीतून काढायला एक वेळ अर्धा दिवस पुरेल, पण त्याला टाकी लावताना घाई केली की पाटा गेला. १८ वर्षांचंही तसंच. कोरीवकामाला १८ वर्षं लागली असं कुठल्याही शिलालेखात लिहिलेलं नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द साधारण इ.स. ७५६ ते ७७३ अशी धरतात, आकडा तिथून उचललेला दिसतो. आवारातली काही कामं त्याच्या आधीची किंवा नंतरची असावीत, असं अभ्यासक मानतात.

लेण्यात पोचल्यावर: आधी वरून, मग भिंतीजवळ

बहुतेक सहली समोरच्या दारातून आत जातात, फोटो काढतात आणि बाहेर येतात. तसं करू नका. लेण्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या, म्हणजे दक्षिण अंगानं डोंगरावर पायवाट जाते. सुरक्षारक्षकांना विचारून मुलांना आधी वर न्या, कड्यापासून लांब उभं करा. वरून पाहिलं की काम कळसाकडून पायथ्याकडे कसं उतरत गेलं, ते एका नजरेत कळतं. आधी डोंगरात खोल चर मारून मधला ठोकळा सुटा केला, मग तो वरून घडवत खाली आले. पायाखाली उभं राहायला दगड असतोच, म्हणून परांची बांधायला लागत नाही. सगळा दगड भुगा करून काढलेला नाही. चर मारायचे, पाचरी ठोकायच्या आणि धोंडा उपटून काढायचा, ही खाणीतली रीत वडिलांच्या हातात होती. मशीन नव्हतं तेव्हा दुसरी रीत नव्हतीच.

मग खाली या आणि आवाराच्या उंच भिंतींजवळ जा. मूर्तींकडे नंतर बघू. जिथं काहीच कोरलेलं नाही त्या कोऱ्या कड्याकडे बघायचं. मोबाइलचा टॉर्च भिंतीच्या अगदी कडेला, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. समोरून उजेड मारला तर काही दिसत नाही. आडवा उजेड पडला की टाकीच्या रेषा उठून येतात. एक रेष थोडी जाते, थांबते, शेजारी दुसरी सुरू होते. थोडं खाली गेल्यावर रेषांचा कल बदलतो. तिथं माणूस सरकला, किंवा दुसरा माणूस कामाला लागला. हात लावू देऊ नका, पण दोन मिनिटं नुसतं बघू द्या. लेझरच्या गोष्टी करणारी मुलंसुद्धा इथं गप्प होतात आणि मग स्वतःच रेषा शोधत फिरतात.

याच जागी मी त्यांना विचारते, ही टाकी बोथट झाल्यावर काय करायचे? काळ्या दगडावर टाकी फार वेळ टिकत नाही. भात्यावर तापवायची, ठोकून टोक काढायचं, पाणी द्यायचं, पुन्हा कामाला. आमच्या अंगणात हा कार्यक्रम रोज संध्याकाळी चालायचा. म्हणजे दगड फोडणाऱ्यांच्या मागे लोहार हवा, लोहाराला कोळसा हवा, कोळशाला लाकूडतोडे हवेत. दोर वळणारे, पाणी आणणारे, भाकऱ्या थापणाऱ्या बायका, धान्य वाहून आणणारे बैल. मुलांना वहीत यादी करायला सांगा. पान भरतं. इतिहासाच्या पुस्तकात "कृष्णराजाने कैलास लेणे खोदवले" एवढं एक वाक्य असतं, ते या यादीनं खरं होतं.

"काढलेला दगड गेला कुठे?" हाही हमखास प्रश्न. फोडलेला दगड हा बांधकामाचा माल आहे. आमच्या खाणीवर डबरसुद्धा पडून राहत नसे. बाराशे वर्षांत घरं, विहिरी, बांध, रस्ते किती झाले याचा विचार करायला सांगा.

वेळ असेल तर उत्तरेकडच्या जैन लेण्यांकडे जाताना ३० क्रमांकाचं लेणं दाखवा. त्याला छोटा कैलास म्हणतात. मोठ्या कैलासाचाच घाट, पण काम अर्धवट राहिलेलं. अजिंठ्याला जाणार असाल तर २४ क्रमांकाचं लेणं चुकवू नका. गाइड तिथं थांबत नाहीत, कारण चित्रं नाहीत. पण अर्धवट घडलेले खांब तिथं बघायला मिळतात आणि काम कोणत्या क्रमानं चालायचं ते त्यावरून समजतं. माझ्या मते पुऱ्या झालेल्या दहा लेण्यांपेक्षा अर्धवट राहिलेलं एक लेणं मुलांना जास्त शिकवतं.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवा. कैलास एकाएकी उपटलेला नाही. कर्नाटकात पट्टदकलला विरूपाक्षाचं देऊळ आहे, चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याची राणी लोकमहादेवी हिनं कैलासाच्या थोडंच आधी, आठव्या शतकातच बांधवलेलं. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले की मुलंच सारखेपणा दाखवतात: पुढचा नंदीमंडप, मग सभामंडप, मग शिखर. चालुक्यांना हरवून राष्ट्रकूट सत्तेवर आले, तेव्हा राजधान्या बदलल्या तरी कारागिरांच्या हातातली विद्या चालत राहिली. विरूपाक्षाच्या देवळावरच्या शिलालेखात सूत्रधाराचं, म्हणजे मुख्य शिल्प्याचं नावसुद्धा आहे, गुंड अनिवारिताचारी. हे नाव मी मुलांकडून मोठ्यानं म्हणून घेते.

कुणी लिहून ठेवलंय का?

वडोदऱ्याला सापडलेला एक ताम्रपट आहे, शके ७३४ म्हणजे इ.स. ८१२चा. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा. त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या देवळाचं वर्णन येतं. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, हे माणसानं घडवलेलं नसून स्वयंभू असावं असं त्यांना वाटलं, आणि खुद्द शिल्पीच "हे मी कसं केलं?" म्हणून चकित झाला, असं कवीनं लिहिलं आहे. देऊळ कृष्णराजानं करवलं, हेही त्यात आहे.

हा मजकूर वाचायचा कसा, हे शिकवणं फार महत्त्वाचं. "बघा, विमान लिहिलंय!" असं एखादा मुलगा म्हणणारच. त्याला गप्प करू नका. ताम्रपटात दोन प्रकारची वाक्यं आहेत, ती वेगळी करायला सांगा. देव थक्क झाले ही स्तुती, राजाच्या प्रशस्तीत ती असतेच. राजानं करवलं आणि शिल्प्यानं केलं, ही माहिती, आणि ती कृष्णराजानंतर जेमतेम चाळीस वर्षांनी लिहिलेली. ज्यांचे आजोबा ते काम चालू असताना जिवंत होते, अशी माणसं तेव्हा होती.

आपल्या मराठीतही याची गोष्ट आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरूत राणी नवस बोलते, की राजा बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. इतक्या लवकर कळस दाखवणार कोण? पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे येतो आणि डोंगर वरून कोरायला घेतो, म्हणजे कळसच आधी होतो. ही गोष्ट कैलासाच्या शेकडो वर्षांनंतरची आहे, पुरावा म्हणून ती चालणार नाही. पण ज्यानं ती रचली त्याला काम वरून खाली झालं हे ठाऊक होतं, आणि श्रेय त्यानं पैठणच्या माणसाला दिलं.

नाशिकच्या पांडवलेण्यांचंही असंच करता येतं. पांडवांनी एका रात्रीत कोरली, असं आपल्याकडे निम्म्या लेण्यांबद्दल सांगतात. नाशिकला १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणं भिक्षुसंघाला दिलं, आणि ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिकांच्या संघांकडे) ठेव म्हणून ठेवले. त्यांतल्या २०००वर महिना शेकडा १ व्याज, १०००वर शेकडा पाऊण. २०००च्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. मुलांना हिशेब करू द्या. २०००वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले १२, २४०. एक कवडी इकडची तिकडे नाही. दीड हजाराहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच भागात बसून हे गणित केलं आणि ते कायम राहावं म्हणून दगडात कोरून घेतलं.

"पण कुणी पाहिलं होतं?"

मोठी मुलं हा प्रश्न विचारतात, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. जानेवारी २०१८मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेतच, केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग नंतर गाळला गेला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात मात्र आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा पाठ आहे, तो नीट शिकवा.

मुलांना मी एवढंच सांगते. कैलास कोरताना आपण पाहिला नाही, तरी टाकीच्या रेषा पाहिल्या. माणसाच्या उत्क्रांतीचंही तसंच आहे, तिथं हाडं आहेत, दगडी हत्यारं आहेत, मातीचे थर आहेत. थर म्हणजे काय ते दाखवायचं तर गावातली नवी खोदलेली विहीर पुरेशी आहे. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं इनामगावला वर्षानुवर्षं उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं याच तत्त्वावर वाचली. घराच्या जमिनीखाली पुरलेले मृतदेहसुद्धा तिथं सापडले.

याच ओघात वयाचा घोळही निस्तरा. "दगड साडेसहा कोटी वर्षांचा निघाला" असं काही व्हिडिओ सांगतात. बरोबरच आहे, दख्खनचा काळा दगड साधारण तेवढाच जुना आहे. माझ्या वडिलांनी घडवलेला पाटाही त्याच दगडाचा. वय दगडाचं मोजलं, कोरण्याचं नाही. कार्बनवरून वय काढायला लाकूड, कोळसा, हाड असं काहीतरी एकेकाळचं सजीव लागतं.

फोटोंचं काम सोपं आहे. घटोत्कचाचा म्हणून राक्षसी सांगाड्याचा फोटो अजून फिरतो. तो २००२ साली संगणकावर चित्रं बनवायच्या एका स्पर्धेसाठी तयार केला होता. मूळ फोटो अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हत्तीच्या जातीतल्या एका नामशेष प्राण्याच्या उत्खननाचा आहे. फोटो गूगल लेन्समध्ये टाका, मूळ जागा बहुतेक वेळा सापडते.

घरातल्या मोठ्यांशी बोलताना

ग्रुपवर वाद घालू नका. चारचौघांत कुणालाच माघार घ्यायला आवडत नाही. फोन करा, नाहीतर घरी जा. "काका, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ बघितला. मुलांनी त्याचं गणित मांडलंय, बघता का?" असं म्हणून वही पुढे ठेवा. आजी "पांडवांनी केलं गं" म्हणाली तर तिला तपासायला जाऊ नका. ती गोष्ट सांगते आहे, ती ऐका, जमलं तर लिहून घ्या. पैसे मिळवण्यासाठी बनवलेला व्हिडिओ आणि आजीची गोष्ट यांना एकाच मापानं मोजू नये.

एखादे काका म्हणतील, एलियन म्हटलं तर बिघडलं काय, आपल्या लेण्याचं कौतुकच होतंय. त्यांना आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वेची हकिकत सांगा. तिथली प्रचंड दगडी बांधकामं काळ्या लोकांनी केली असणं शक्यच नाही, कुणीतरी बाहेरून येऊन केली, असं गोरे वसाहतवाले अनेक वर्षं सांगत राहिले. १९०५ साली डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून ती तिथल्याच लोकांची आहेत हे दाखवलं, तरी ऱ्होडेशियाच्या (तेव्हा त्या देशाचं नाव हेच होतं) गोऱ्या सरकारला ते पचत नव्हतं. काम ज्यांचं, त्यांना ते करण्याची अक्कल नव्हती असं म्हणायला तिथं बाहेरचे लोक होते. इथं आपणच आपल्या पाथरवटांबद्दल तेच म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, त्यामुळे दोन्ही एका सहलीत करायचं तर वार आधी बघा. सकाळी गाड्यांची गर्दी व्हायच्या आत कैलासात शिरा. टॉर्च, वही आणि मोजायला लांब दोरी बरोबर घ्या. पाण्याच्या बाटल्या जास्तच ठेवा, वरच्या वाटेला सावली नाही. आणि परतीच्या गाडीत प्रत्येकाकडून एक ओळ लिहून घ्या: आज भिंतीवर मी स्वतः काय पाहिलं.